यादीबाहेरचे कारीगर

मुंबई-नाशिक महामार्गाचा वडपे ते गोंदे हा टप्पा चौपदरी झाला, तो माल लवकर हलावा म्हणून. 2020च्या टाळेबंदीत त्याच रस्त्याने, बंद गोदामांच्या कडेने, भिवंडीचे यंत्रमाग कामगार बोचकी घेऊन पायी कसारा घाटाकडे निघाले. कारीगराची मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते. माग थांबला की मजुरी थांबते आणि भिस्सीतली, म्हणजे कामगारांच्या खानावळीतली, जेवणाची उधारी फार दिवस चालत नाही. केंद्र सरकार स्वस्थ बसलं होतं असं नाही. 26 मार्चलाच 1 लाख 70 हजार कोटींची योजना जाहीर झाली: रेशनकार्डावर माणशी महिन्याला 5 किलो जादा धान्य, महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचपाचशे रुपये. पण कारीगराचं कार्ड गावाकडे, खातंही तिकडेच. गरजू कोण हे आधीच्या यादीवरून ठरवलं की असंच होणार. याहून चांगली रीत महाराष्ट्राला ठाऊक होती आणि ती आपण गावच्या शिवेपाशी थांबवली, ही माझी तक्रार आहे.

त्या रीतीचं मूळ दुष्काळात आहे. 1876-78च्या दुष्काळानंतर, 1880च्या आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळ संहिता आल्या. कमी मजुरीवर खडी फोडायला जो येईल तो गरजू, त्याचा दाखला मागायचा नाही, असं त्यांचं सूत्र होतं. अंमल कंजूष होता. संहितांच्याही आधी, त्याच दुष्काळात, ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने दिवसाला जेमतेम पौंडभर धान्याची मजुरी ठरवली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला होता. 1972च्या दुष्काळाने या सूत्रातली दया काढून टाकली. मे 1973मध्ये सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी 1977मध्ये कायदा झाली: मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. उपकाराचा हक्क झाला, ही माझ्या मते महाराष्ट्राची देशाला सर्वांत मोठी देणगी. 2005चा केंद्राचा कायदाही याच वाटेने आला, पण तोही ग्रामीण कुटुंबापुरताच राहिला.

हीच रीत शहरात आणायची तर कोरोनाच्या साथीत माणसं कामावर गोळा कशी करणार, हा आक्षेप रास्त आहे. कामं नाहीच काढायची. पण जो रांगेत उभा राहील त्याला कार्ड न विचारता शिधा देता येतो. केंद्राने 14 मे रोजी कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी नेमकं हेच कबूल केलं, पण पन्नास दिवस उशिरा. धान्य नव्हतं असंही नाही: 1 एप्रिललाच सरकारी कोठारांत राखीव साठ्याच्या निकषाच्या तिपटीहून अधिक गहू-तांदूळ होता. 14 मे उजाडेतोवर कित्येकांनी घाट ओलांडला होता. मालक तगला तर कामगार तगेल, म्हणून 3 लाख कोटींच्या कर्जाला हमी दिली, असंही सांगितलं जातं. ते कर्ज आधीच बँकेचे कर्जदार असलेल्यांना होतं, आणि कापडाला गिऱ्हाईकच नसेल तर कर्जावर माग चालत नाही. एप्रिल 2021मध्ये राज्याने 5,476 कोटी जाहीर केले, त्यात दीड हजार रुपये नोंदणीकृत बांधकाम मजूर, घरकामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षावाल्यांना. मागावरचा कारीगर इथेही सुटला. पुढे असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल आलं, तीही नोंदणीच.

पैसा कुठून आणायचा, हे उत्तर जुनंच आहे. रोजगार हमीसाठी 1975मध्ये व्यवसाय कर लावला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावाचा भार उचलला, आणि तो बोजा शहरांनी पेललाही. आजही पगारपत्रकात महिन्याचे दोनशे रुपये कापले जातात. भिवंडीत माग बंद पडतील तेव्हा, मंदीत काम आणि साथीत शिधा, हा हक्क कारीगराला तो उभा असेल तिथे मिळावा, यासाठी याच करातला वाटा कायद्याने बांधून द्यायला हवा.