त्याग आणि निवडीचा अधिकार

जॉर्ज क्यूकर यांच्या ‘अ स्टार इज बॉर्न’ (१९५४) या संगीतपटातील मद्यासक्त नट नॉर्मन मेन, आपल्या शुश्रूषेसाठी पत्नी एस्थर कारकीर्द सोडणार असल्याचे ऐकतो आणि समुद्रात प्राण देतो. यास आत्मार्पण म्हणावे काय? ज्याच्यासाठी त्याग करावयाचा, त्याच्या निर्णयस्वातंत्र्याचा आदर राखला तरच त्याग नैतिक मूल्य ठरतो. एस्थरची विचारपूर्वक केलेली निवड मात्र नॉर्मन तिला न विचारताच रद्द करतो. अखेरीस रंगमंचावरून ती स्वतःची ओळख नॉर्मन मेनची पत्नी म्हणून करून देते. हे पतिनिष्ठेचे उदात्तीकरण मानता येईल. परंतु ‘व्हिकी लेस्टर’ या ज्या कीर्तिमान नावासाठी हा मृत्यू घडला, ते नाव येथे तिनेच नाकारले आहे.