बाण सुटण्यापूर्वी

अमेरिकेतील मिशिगन राज्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका तरुणाने रत्नागिरीतील आपल्या वडिलांमार्फत एक प्रश्न पाठविला आहे. तेथे 1 ऑक्टोबरपासून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. परवाना काढून सहकाऱ्यांसोबत जाण्याचा त्याचा मानस आहे. बिस्मिल्लाह म्हणून बाण सोडला आणि हरीण त्या बाणाने मेले, तर ते मांस हलाल आहे काय, एवढेच त्याला जाणून घ्यायचे आहे.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता येते. परंतु त्या दोन ओळींनंतर जे उरते, ते आपणा सर्वांशी संबंधित आहे.

पाळीव बकऱ्याप्रमाणे रानातल्या जनावराचा गळा हाती येत नाही. म्हणून फिकहने येथे सवलत दिली आहे. अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या धारदार शस्त्राने शरीराच्या कोणत्याही भागावर रक्त वाहणारी जखम झाली आणि त्या जखमेने जनावर मेले, तर ते जबह झाल्याप्रमाणे हलाल ठरते. जिवंत हाती लागले, तर मात्र त्याच्या गळ्यावर सुरी चालविणे आवश्यक असते. दानशूर हातिम ताईचे पुत्र हजरत अदी (र.) यांनी शिकारीच्या फेकदांड्याविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते. टोकाने भेदले असेल तर खावे, आडवे लागून मेले असेल तर खाऊ नये, अशी शिकवण त्यांना मिळाली. कारण आडव्या माराने मेलेले जनावर हे सूरह अल-माइदामध्ये निषिद्ध ठरविलेल्या ‘मौकूजा’प्रमाणे, म्हणजे मार बसून मेलेले असते. थोडक्यात, वजनाने मेलेले नको, धारेने मेलेले हवे.

या कसोटीवर आजचा शिकारी बाण उतरतो. त्याच्या टोकाला बसविलेल्या पात्यांच्या फळाला ब्रॉडहेड म्हणतात. त्याची रुंदी किमान 7/8 इंच असावी, असा मिशिगनचा नियम आहे. काही फळांची पाती पक्की बसविलेली असतात, तर काहींची पाती उड्डाणात मिटलेली राहून लक्ष्यावर आदळताच उघडतात. उघडणारी पाती रुंद जखम करतात, पण उघडण्यात बाणाचा काही जोर खर्ची पडतो. हलक्या धनुष्यातून किंवा तिरप्या कोनात ती पुरेशी खोल जात नाहीत. पक्क्या पात्यांचा भरवसा अधिक, मात्र धनुष्य आणि बाण यांचा मेळ नीट बसला नसेल तर ती नेम भरकटवितात. म्हणून आपल्या धनुष्याला झेपेल ते फळ निवडावे, आणि सरावात बोथट झालेली पाती बदलल्याखेरीज रानात पाऊल ठेवू नये.

येथवर मांसाचा प्रश्न झाला. आता माणसाचा प्रश्न येतो.

फिकह म्हणते, जखम कोठेही चालेल. मग नेम कोठे धरावा, याची चिंता कशासाठी? बाण हृदय-फुप्फुसांत गेला, तर हरीण बहुधा काही सेकंदांतच, शे-दीडशे मीटरच्या आत कोसळते. तोच बाण पोटात गेला, तर ते कित्येक तास जिवंत राहते, झुडपांत दडते आणि तळमळत मरते. दोन्ही मांसे हलाल ठरू शकतील. पण दोन्ही कृत्ये सारखी आहेत काय?

नाहीत, कारण अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान बंधनकारक केला आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकविले आहे, आणि याच शिकवणीत जीव घेतानाही तो उत्तम रीतीने घ्यावा, सुरीला धार लावावी व जनावराला आराम द्यावा, असे सांगितले आहे. फिकहचा नियम ही खालची पायरी आहे. तिच्या खाली उतरलात तर हराम. पण तिच्यावरच बसून राहण्याची परवानगी त्या नियमाने दिलेली नाही.

म्हणून नेमाचा विचार हा धर्माचाच विचार आहे. हरीण पूर्ण आडवे उभे असावे किंवा थोडे पाठमोरे तिरपे असावे, म्हणजे पुढच्या पायामागून फुप्फुसांचा मार्ग मोकळा मिळतो. समोरून आणि थेट मागून बाण सोडू नये. अंतराचेही तसेच. 30 यार्डांवर बाणाला पोचण्यास सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो, तर धनुष्याच्या दोरीचा आवाज त्याच्या चौथ्या हिश्श्यात पोचतो. बिचकलेले हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबते आणि अचूक नेमही चुकतो. सावध होऊन कान टवकारलेल्या हरणावर बाण न सोडणे यातच शहाणपण आहे, आणि तोच तक्वा आहे.

एहराम बांधलेल्या मोमिनांना उद्देशून सूरह अल-माइदामध्ये जे सांगितले आहे, ते येथे आठवावे. हात आणि भाले पोचतील इतक्या जवळ शिकार आणून अल्लाह परीक्षा घेतो. न पाहता त्याचे भय कोण बाळगतो, हे त्यातून उघड व्हावे म्हणून. तो आदेश एहरामच्या अवस्थेचा आहे, पण त्यातील बोध व्यापक आहे. आवाक्यात आलेली वस्तू हीच परीक्षा असते. संध्याकाळी, एकट्या झाडावर, कोन वाईट असताना ताणलेली दोरी हळूच सैल सोडणाऱ्या माणसाला पाहणारा तेथे दुसरा कोणी नसतो.

बाण लागल्यावरही परीक्षा संपत नाही. हनफी फिकहनुसार, जखमी शिकार दृष्टीआड झाली आणि शिकाऱ्याने शोध सोडून दिला, तर नंतर मृत सापडलेले ते जनावर खाता येत नाही. शाफई विद्वानांत अशा शिकारीविषयी मतभेद आहेत, आणि कोकणातील आपल्या बांधवांनी सावधगिरीच पत्करावी. पाण्यात बुडालेले सापडले तर हजरत अदींना (र.) ते खाण्याची मनाई झाली होती, कारण बाणाने मारले की पाण्याने, हे कळत नाही. रक्त गुलाबी व फेसाळ असेल तर बाण फुप्फुसात लागला आहे. बाणाला हिरवट घाण असेल तर तो पोटात गेला आहे, आणि तेव्हा लगेच पाठलाग केल्यास हरीण उठून आणखी दूर पळते. म्हणून काही तास थांबावे लागते. माझ्या समजुतीप्रमाणे असे थांबणे हा शोधाचाच भाग आहे. अंधार पडला, थंडी वाढली, म्हणून त्याला विसरणे मात्र शोध सोडणे होय.

तेव्हा त्या तरुणास आमचे सांगणे असे: मांसासाठी जा, छायाचित्रासाठी नको. सराव करून, आपले अंतर ओळखून जा. आणि बाण न सोडता रिकाम्या हाताने परतलास, तर त्यात कमीपणा मानू नकोस.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार निषिद्ध आहे. तेव्हा येथे कोणी या लेखाचा आधार घेऊ नये. पण म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे समजू नका. बकरी ईदला आपल्या दारात सुरी निघतेच. इमामतीच्या पहिल्याच वर्षी, घाईच्या सकाळी, कोणीतरी हाती दिलेली सुरी मी तपासली नव्हती. एका फिरवणीत व्हायचे काम तीन फिरवण्यांत झाले. कुर्बानी शरीअतनुसार झाली, लोकांनी मुबारकबाद दिली. त्या बकऱ्याचे डोळे मात्र मला आजही आठवतात, आणि त्याच्या हिशेबाचे उत्तर माझ्याजवळ नाही. तेव्हापासून ईदच्या आदल्या रात्री मी स्वतः सुरीला धार लावतो, जनावराच्या नजरेआड.

हलाल म्हणजे आपल्या ताटाचा प्रश्न; एहसान म्हणजे त्या जनावराचा आपल्यावरील हक्क. ताटाविषयी आपण मौलवींना विचारतो. त्या हक्काविषयी कयामतच्या दिवशी आपल्याला विचारले जाईल.

अल्लाह आपल्या हातांना अचूकता, अंतःकरणांना दया आणि योग्य वेळी थांबण्याचे बळ देवो. आमीन.