तारप्याच्या पट्टीत गिटार

ब्राझील पोर्तुगालच्या हातून सुटला तो १८२२ साली. दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाला २ ऑगस्ट १९५४ पर्यंत थांबावं लागलं. त्या लढ्याची मराठी माणसाच्या मनातली आठवण बरीचशी सुरेल आहे. सुधीर फडके त्यात प्रत्यक्ष उतरले होते आणि मोहिमेला पैसा मिळावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला होता. मुळात नगर हवेली १७८३ साली पोर्तुगीजांच्या पदरात टाकली होती ती पेशव्यांनी, हे मात्र आपण जरा हळू आवाजात सांगतो. देण्याची गोष्ट हळू सांगा की सोडवण्याची रंगवून, दोन्हींत तिथल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांचं एकही वाद्य वाजत नाही.

ब्राझीलमध्ये असा न वाजलेला आवाज जगापुढे नेणाऱ्यांत एक हेवी मेटल बँड होता. कावालेरा बंधूंनी १९८४ मध्ये बेलो होरिझोन्ते शहरात सेपुल्तुरा सुरू केला, तो थ्रॅश वाजवणारा बँड म्हणून. थ्रॅश हा मेटलमधला एक उतावळा प्रकार: ड्रमची बेफाम लय, करवतीसारखी गिटार आणि गाण्यापेक्षा ओरडणं जास्त. १९९३ च्या 'केऑस ए. डी.' अल्बममध्ये त्यांनी ग्वारानी-काइओवा आदिवासींच्या नावानं एक निःशब्द रचना बांधली होती. ती दुरूनची सहानुभूती. नोव्हेंबर १९९५ मध्ये मात्र ही मंडळी उठून मातो ग्रोसो राज्यातल्या पिमेंतेल बार्बोझा या शावान्ते आदिवासींच्या गावी गेली. आधी मध्यस्थामार्फत विचारणा झाली, गावानं होकार दिला, मग पाहुण्यांनी अंगाला रंग लावून घेतला आणि गावाबरोबर नाच केला. 'इत्सारी' हे गाणं तिथेच मुद्रित झालं. त्यात शावान्तेंचं समूहगान पुढे आहे आणि साध्या, वीज न लावलेल्या गिटारी मागून चालतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये 'रूट्स' या अल्बममध्ये ते बाजारात आलं. कट्टर थ्रॅशवाल्यांनी नाकं मुरडली, कारण वेग उतरला होता आणि गिटारी खर्जात गेल्या होत्या. मला तो उतारच या अल्बमचा खरा गुण वाटतो. वेग सोडल्याशिवाय दुसऱ्याची लय ऐकूच येत नाही.

शावान्ते या सगळ्यात शोध लागण्याची वाट बघत बसलेले नव्हते. त्यांनी १९९४ मध्ये आपल्या परंपरागत गाण्यांचा स्वतंत्र अल्बम काढला होता. बाहेरच्या जगात आपलं नाव गेलं तर जमिनीच्या भांडणात उपयोग होतो, हा हिशेब त्यांच्याजवळ पक्का होता. म्हणजे वापर दोन्ही बाजूंनी झाला आणि दोघांनाही तो माहीत होता. 'रूट्स'चं दुखणं वेगळ्या जागी आहे. अल्बमचा मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत झाला. त्यातल्या ज्या तालांना परदेशी श्रोता 'जंगली' म्हणून डोलला, त्यांतले कितीतरी ब्राझीलच्याच बाहिया राज्यातल्या कार्लिन्योस ब्राउन या तालवादकाचे, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांच्या परंपरेतले. मुखपृष्ठावरचा आदिवासी चेहरा तर हजार क्रुझेरोच्या नोटेवरून घेतलेला. शावान्ते, बाहियाचा वादक आणि नोटेवरचा माणूस ही तीन वेगळी माणसं एकाच शीर्षकाखाली कोंबली गेली.

नोटेवरचा माणूस आपल्याकडेही आहे. वारली चित्रातलं तारपा नाचाचं वेटोळं साड्यांवर, कपांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर पोचलं. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी ही कला जगापुढे नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज बिनचेहऱ्याच्या त्या त्रिकोणी माणसांना न ओळखणारा मराठी माणूस विरळा. पण त्या वेटोळ्याच्या मधोमध उभा असलेला माणूस जे वाजवतोय, ते किती जणांनी ऐकलंय? वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि श्वास तुटू न देता तासन्‌तास फुंकणारा तारपकरी. तो चाळा, म्हणजे धून, बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावलं बदलतात आणि वेटोळं त्याच्याभोवती फिरत राहतं. भात तयार होतं तेव्हाचं हे वाद्य. आता पाहुण्यांच्या स्वागताला ते बारा महिने मांडवात उभं करतात, तेही दहा मिनिटांसाठी, भाषणांच्या आधी. तारप्याचं चित्र खपलं, आवाज पडून राहिला. चित्र गप्प असतं आणि गप्प गोष्ट दिवाणखान्यात सोयीची पडते. तारपा सोयीचा नाही. तो कर्कश आहे, लांबतो, आणि त्याला सम देऊन संपवता येत नाही.

म्हणूनच त्याला लागलीच तर मेटलची सोबत लागेल असं मला वाटतं. सतार-बासरीच्या गुळगुळीत फ्यूजनमध्ये तो आधी मवाळ केला जाईल. मेटलला कर्कशपणाची लाज नाही. शिवाय मेटल सिल्वासाला परकं, ही समजूतही तपासून घ्यावी अशी आहे. हे संगीत जन्मलं बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या सावलीत. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात तुटली, आणि दुखऱ्या बोटांना झेपावं म्हणून त्यानं पुढे तारा सैल केल्या. सेपुल्तुराचं बेलो होरिझोन्ते खाणींच्या राज्याची राजधानी. सिल्वासा काय वेगळं आहे? करसवलतींमुळे आलेले कारखाने, सूत आणि प्लास्टिकच्या शेडी, पाळीवर जाणारी पोरं. वर दमणगंगेवरचं मधुबन धरण, ज्याच्या पाण्याखाली आदिवासींच्या जमिनी गेल्या. थ्रॅशला लागणारा राग इथे बाहेरून आणावा लागणार नाही.

प्रश्न आहे तो तारपा आणि मेटलचा असा अल्बम कोणी करायचा याचा. केरळातल्या कन्नूरच्या द डाऊन ट्रॉडन्स या बँडनं २०१४ मध्ये आपल्याच भागातलं लोकसंगीत थ्रॅशमध्ये आणलं. न्यूझीलंडच्या एलियन वेपनरी या बँडची गोष्ट आणखी बोलकी आहे. माओरी वंशाचे द जोंग बंधू माओरी माध्यमाच्या शाळेत शिकले, आणि २०१८ च्या 'तू' या अल्बममध्ये १८६४ च्या गेट पाच्या लढाईवर त्यांनी माओरीतूनच थ्रॅश गायलं. त्यांचा एक पूर्वज त्या लढाईत होता. तिथे कोणी कोणाच्या गावी पाहुणा म्हणून गेलं नाही. सिल्वासात असं व्हायचं तर गिटार खानवेलच्या बाजूच्या एखाद्या वारली पोराच्या हातात यावी लागेल, मुंबईच्या बँडनं येऊन 'ट्रायबल' आवाज टिपून नेणं नव्हे. मुंबईकर आलेच, तर त्यांनी शावान्तेंच्या गावी पाळला गेला तो क्रम तरी पाळावा. आधी विचारावं, मग बसावं, आणि 'हा चाळा देवाचा, तो द्यायचा नाही' असं ऐकायची तयारी ठेवावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा वादकाला मानधनापलीकडे व्यावसायिक वापरातला हिस्सा देतो. पण चाळा ज्या समाजाचा आहे त्याला तो काहीच देत नाही. तेव्हा ती अट करारातच लिहावी लागेल, आणि करार वारली समजणाऱ्या माणसानं वाचून दाखवावा लागेल.

एक अडचण मात्र निव्वळ संगीताची आहे. तारपा हातानं होतो. दुधी केवढा मिळाला, नळी किती लांब कापली, यावर त्याची पट्टी ठरते. दोन तारपे एका स्वरात लागतीलच असं नाही, आणि पियानोच्या स्वरांशी तर त्यांचं देणंघेणंच नाही. स्टुडिओतला माणूस अशा वेळी संगणकावर तारपा 'दुरुस्त' करायला निघतो. त्याला तिथेच थांबवावं. गिटारीला खुंट्या आहेत, तारप्याला नाहीत. खाली-वर व्हायचं ते गिटारीनं.