धूर की धुकं?

जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन जाहिरातींतली एक फसवणूक आता इतकी रुळली आहे की तिचे संवाद पाठ व्हावेत. ॲक्टिव्हा किंवा बुलेट, फोटो चकाचक, किंमत बाजारभावाच्या निम्मी. विकणारा सांगतो, मी लष्करात आहे, अचानक बदली झाली, गाडी सोबत नेता येत नाही. मागोमाग ओळखपत्राचा, कँटीन कार्डाचा, गणवेशातला फोटो येतो. गाडी म्हणे लष्कराच्या पार्सलने घरपोच येणार. त्याचे आधी दोन-तीन हजार, मग जीएसटी, मग ‘परत मिळणारी’ अनामत. गाडी येत नाही, कारण ती नसतेच. पोलिसांच्या लेखी हा सायबर गुन्हा, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: न पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर?

न्यायदर्शनाने हा प्रश्न फार मनावर घेतला होता. शब्द हे प्रमाण खरं, पण तो आप्ताचा हवा. आप्त म्हणजे, वात्स्यायनाच्या भाष्यानुसार, ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. वेषाला आणि कुळाला इथे एकही गुण नाही. भामटा बरोबर उलट्या वाटेने जातो. गाडीबद्दल तो मोघम बोलतो, गणवेशाबद्दल भरभरून. ऐकणाऱ्याचं मन झटकन अनुमान बांधतं: जवान प्रामाणिक असतात, हा जवान आहे, म्हणजे हा प्रामाणिक. पहिलं विधान वादापुरतं मान्य करू. खोट दुसऱ्यात आहे. समोर जवान नाही, कार्डाचा फोटो आहे, आणि फोटो कुणाचाही, कुठूनही उचललेला असू शकतो. नैयायिक याला असिद्ध हेतू म्हणतील: डोंगरावर धुकं होतं, आपण ते धूर समजलो आणि आग आहे असं ठरवून मोकळे झालो.

श्रद्धाळू माणूस यावर म्हणेल की गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाचा नाश सांगितला आहे. सांगितला आहेच. पण त्याच्या सहाच श्लोक आधी, ज्ञान हवं तर नम्र होऊन, प्रश्न विचारून, सेवा करून मिळव, असंही सांगितलं आहे. ज्ञानी गुरूला प्रश्न विचारायचा, मग व्हॉट्सॲपवरच्या विक्रेत्याचीच एवढी भीड कशाला? न्यायाच्या सोळा पदार्थांत संशय तिसरा आहे. चौकशी तिथून सुरू होते. नाश होतो तो संशय घेऊन नुसत्या बसणाऱ्याचा. उठून तपासायचं म्हणजे काय, ते या बाबतीत अगदी ठोस आहे. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा कळतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 मागायचा. मग गाडीजवळ जाऊन चेसिस नंबरवर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची आणि उमटलेला एकेक आकडा आरसीशी ताडायचा. हे प्रत्यक्ष प्रमाण, आणि त्याच्याआधी एक रुपयाही द्यायचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जो तो दुसऱ्याला तपासत बसला तर माणुसकी कुठे उरली? खऱ्या जवानाचा हा अपमान नाही का? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली नेमक्या जुन्या गाड्यांच्याच उदाहरणाने दाखवलं की चांगली गाडी कोणती नि खराब कोणती हे गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात भंगार उरतं. तपासणी नसल्याचा भुर्दंड असा आधी प्रामाणिक माणसावर पडतो. ‘गाडी बघायला कधी येऊ?’ या प्रश्नाने त्याचा अपमान होत नाही, तो पत्ता सांगतो. ‘देशाच्या जवानावर भरोसा नाही?’ असा संताप येतो तो भामट्याला. (फसलेल्याला लोभी म्हणून हात झटकणं मात्र मला पटत नाही. निम्म्या किमतीनेच शंका यायला हवी होती, कबूल. पण जुनी गाडी शोधणाऱ्याला बहुतेकदा नवी परवडत नसते, आणि गरजेला लोभ म्हणणं सोपं असतं.)

शिवाय संशयाचा अधिकार एकट्या गिऱ्हाइकाचा नाही. ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं म्हणणारा गिऱ्हाईकही भामटाच असतो, कारण यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. आणि व्यवहार सचोटीचा असला तरी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून किल्ली दिली की सुटलो, असं विकणाऱ्याला वाटतं ते खरं नव्हे. आरटीओत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तोच, आणि अपघाताची भरपाईही त्याच्या माथी येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणून घेणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागणारा आणि नाव बदललं का, हे विचारायला आठवड्यातून तीनदा फोन करणारा विक्रेता चिकट वाटेल. वाटू दे.