वर्दी

संगणकाच्या पडद्यावर, उजव्या हाताला अगदी खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी नखाएवढे एक पाकीट असे. टपालपेटीत नवे ई-पत्र पडले की ते लुकलुके आणि घंटेचा एक बारीक नाद होई. त्या चिमुकल्या आज्ञावलीचे काम तेवढेच. ती पत्र आणीत नसे, वाचून दाखवीत नसे, उत्तरही लिहीत नसे. पत्र आले आहे एवढे सांगून ती गप्प बसे. या कामाला मराठीत एक जुना, नेमका शब्द आहे: वर्दी. निरोप्या निरोप घेऊन येतो; वर्दी देणारा कोणी आले आहे एवढेच कळवतो. निरोप्या हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेल्या मासिकाने तो मराठी कॅथलिक घरांत नेऊन पोचवला. वर्दी देणाऱ्याकडे मात्र आपण फारसे पाहिले नाही. देवडीवर बसणारा तो माणूस. त्याच्याविषयी विचार तो काय करायचा, असेच आम्हांलाही वाटत होते.

२००६ सालच्या मे महिन्यात तो विचार करणे आम्हांस भाग पडले. नागपूरचा मे महिना वाचकांस सांगायला नको. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीत कूलर घरघरत होता, आणि धर्मग्रामातील एक वृद्ध बाई डोक्यावरचा पदर सावरीत आमच्या दारी आल्या. एवढ्या उन्हात त्या वयाचे माणूस सहज म्हणून येत नाही. आम्ही पाणी दिले, खुर्ची दिली. त्यांनी इकडच्या तिकडच्या चार गोष्टी बोलून मग थोरल्या मुलाचा विषय काढला. आवाज एकदम खाली आला, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या मागे तो नाद झाला. आम्ही उठलो. “एक मिनिट हं, आजी,” असे म्हणालोही. पत्र एका विमा योजनेच्या जाहिरातीचे होते. आम्ही ते पुसून टाकले आणि परत वळलो, तो आजी उभ्या राहिल्या होत्या. “कामात आहा जी तुम्ही. येईन मी मंग,” असे म्हणून त्या गेल्या. पुढे दर रविवारी मिस्सेनंतर भेटत राहिल्या, हसून बोलत राहिल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

यात पाप कोणते, असे कोणी विचारील. कोणतीही आज्ञा आम्ही मोडली नव्हती. फार तर शिष्टाचाराची चूक म्हणता येईल. परंतु पापनिवेदनाच्या तयारीला बसलो की आम्हांस जी गोष्ट हटकून आठवते, ती ही आहे. तेव्हा शिष्टाचार या शब्दात ती मावत नसावी.

प्रथम आम्ही सर्व दोष त्या यंत्राला दिला. मग त्याची कुळकथा वाचली आणि दोष देणे अवघड झाले. १९८० साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात जॉन फोडेरारो यांनी युनिक्स या संगणकप्रणालीसाठी अशी एक आज्ञावली लिहिली. तिला त्यांनी ‘बिफ’ हे नाव दिले. बिफ हा हायडी स्टेटनर या विद्यार्थिनीचा कुत्रा. तो तिच्याबरोबर विद्यापीठात येई आणि सर्वांचा लाडका होता. पोस्टमन आला की तो भुंकत असे, म्हणून पत्र आल्याची वर्दी देणाऱ्या आज्ञावलीला त्याचे नाव दिले, अशी कथा संगणकाच्या जगात पुष्कळ वर्षे सांगितली गेली. मालकिणीने पुढे ती नाकारली; तिचा कुत्रा पोस्टमनवर भुंकत नव्हता. बिचारा १९९३ साली पंधरा वर्षांचा होऊन मेला, आणि न केलेल्या भुंकण्याची कीर्ती मागे ठेवून गेला. (यशया संदेष्ट्याने बेसावध राखणदारांना मुक्या कुत्र्यांची उपमा देऊन झापले आहे. बिफच्या वाट्याला याच्या नेमके उलटे आले.)

या आज्ञावलीतील एक बारकावा मात्र आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ती आपण होऊन काही बोलत नसे. संगणकावर बसणाऱ्याने तिला ‘हो’ या अर्थाचे एक अक्षर टाइप करून सांगावे लागे. मगच ती नव्या पत्राचा प्रेषक आणि मजकुराच्या पहिल्या सात ओळी किंवा ५६० अक्षरे पडद्यावर दाखवी. ‘नाही’चे अक्षर टाइप केले की ती मुकाट होई. संमती आधी आणि हाक नंतर, असा तो क्रम होता. आज आपल्या खिशातील फोनवर तो उलटा झाला आहे. नवे काहीही घेतले की ते ‘वर्दी देऊ का?’ असे एकदा विचारते खरे, पण आपला अंगठा घाईत ‘हो’वर पडतो आणि त्यानंतरचा प्रत्येक नकार आपल्याला शोधून काढावा लागतो.

नाझरेथच्या त्या घरातील प्रसंग आपण जपमाळेच्या पहिल्या आनंदाच्या रहस्यात नेहमी आठवतो. गब्रिएल दूताने आणलेल्या वार्तेएवढी तातडीची वार्ता जगात दुसरी कोणती असेल? तरीही तो थांबला. मरियेने शंका विचारली, त्याने उत्तर दिले, आणि तिचा होकार येईपर्यंत तो तेथून हलला नाही. ज्याला खरोखर काही सांगायचे असते त्याला थांबता येते, असे आम्हांस त्या प्रसंगावरून वाटते. विमा योजनेच्या जाहिरातीला थांबता येत नाही.

जुन्या टपालाची आठवण काढली की तरुण मंडळी हसतात, तरी काढतोच. टपाल ठरल्या वेळी येई. उरलेला दिवस आपला असे. तातडीचे काही असेल तर तार. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून पाठवणारा टेबलाशी उभा राहून एकेक शब्द खोडी. ‘तार आली’ हे दोन शब्द ऐकले की घरातील बाईमाणसे वाचण्यापूर्वीच रडू लागत. हे चांगले होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु तातडीची किंमत पाठवणारा मोजत होता, आणि म्हणून तो तिचा विचारही करीत होता. २०१३ च्या जुलैत आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. त्याच्या पुष्कळ आधी सर्वच पत्रांची तार झाली होती. जाहिरात असो, कुवैतला गेलेल्या भाच्याची खुशाली असो की कोणाच्या मृत्यूची बातमी असो, पाकीट सारखेच लुकलुकते आणि नाद तोच होतो. किंमत आता घेणारा मोजतो. पैशाने नव्हे, तर समोर बसलेल्या माणसाने. त्या दुपारी ती आजींनी मोजली.

हा हिशेब मनाशी मांडून आम्ही ती आज्ञावली काढून टाकली आणि दिवसातून एकदाच, रात्री जेवणानंतर, टपाल पाहू लागलो. त्या निश्चयाचा आम्हांस थोडा अभिमानही वाटू लागला होता. ओळखीच्या दोघातिघांना तसे करण्याचा उपदेशही करून झाला. पुढे परीक्षेच्या कामात आठ दिवस पेटी उघडणेच राहिले. त्या आठ दिवसांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र येऊन पडले होते. तो परगावी नोकरीला होता. पत्र मध्यरात्री लिहिलेले, शुद्धलेखनाकडे लक्ष नसलेले. सारांश एवढाच, की त्याला कोणाशी तरी बोलायचे होते आणि आमचे नाव सुचले होते. आम्ही नवव्या दिवशी धावाधाव करून त्याला फोन लावला. देवाच्या कृपेने तो सुखरूप होता. शेजारच्या खोलीतील एका मुलाने त्या रात्री त्याच्याबरोबर जागरण केले होते. “काही नाही सर, तेव्हा जरा तसंच झालं होतं,” असे तो म्हणाला. रागावला असता तर बरे झाले असते.

म्हणजे नाद ऐकून उठलो तेव्हा एका माणसाला गमावले, आणि नाद बंद केला तेव्हा दुसऱ्याला गमावण्याची वेळ आली. हाक बंद करणे म्हणजे आत्मसंयम, असे जे सर्रास सांगितले जाते त्यावर आमचा तेव्हापासून विश्वास राहिला नाही. दार लावून घेणे कधी संयम असते, तर कधी नुसतीच सोय.

याच सुमारास संत बेनेडिक्ट यांची मठवासीयांसाठी लिहिलेली नियमावली पुन्हा वाचण्यात आली. सहाव्या शतकातील हा ग्रंथ. त्यात दोन हाका आहेत. त्रेचाळिसाव्या प्रकरणात प्रार्थनेची खूण होताच मठवासीयाने हातातील काम टाकून यावे असे म्हटले आहे. ही हाक सर्वांना एकदम, ठरल्या वेळी येते, आणि ती कोणाच्या सांगण्यासवरण्याच्या आड येण्याचा संभव कमी, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही उठतात. सहासष्टावे प्रकरण द्वारपालाचे आहे. मठाच्या दाराशी एक समंजस वृद्ध बसवावा, ज्याला निरोप घेता येतो आणि उत्तरही देता येते, आणि वयाने पोक्त असल्यामुळे जो इकडे तिकडे भटकत नाही. कोणी दार ठोठावले किंवा एखाद्या गरिबाने हाक मारली की त्याने देवाचे आभार मानून, सौम्यपणे आणि विनाविलंब उत्तर द्यावे. त्याची खोली दाराजवळच असावी, आणि मदत लागली तर एखादा तरुण बंधू सोबतीला द्यावा.

आमच्या कोपऱ्यातील पाकिटाचा खरा पूर्वज बिफ नसून हा म्हातारा आहे, असे वाचताना एकदम लक्षात आले. तो दार ठोठावणाऱ्याला ताटकळत ठेवीत नाही, आणि आत गायनात असलेल्यांना प्रत्येक टकटकीसरशी उठवीतही नाही. भाकर मागायला आलेला कोण, रात्रीच्या आसऱ्याला आलेला कोण आणि नुसता डोकवायला आलेला कोण, हे त्याला चेहरा पाहून कळते. आज्ञावलीला पत्र कळते, चेहरा कळत नाही. तिला शहाणपण शिकवण्याचे उद्योग आता जोरात चालू आहेत. कोणते पत्र महत्त्वाचे हे यंत्रच ठरवू लागले आहे. आमच्या विद्यार्थ्याचे ते अशुद्ध पत्र त्याने कोणत्या खणात टाकले असते, याची आम्हांस शंका आहे.

कायद्याने हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्नही झाले. कामाचे तास संपल्यावर कार्यालयाच्या पत्रांना उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ च्या जानेवारीपासून कायद्यात आला. आपल्याकडे २०१८ साली बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. नोकरदारांना असे संरक्षण हवेच. पण भर उन्हात आलेली म्हातारी कोणाची मालक नसते, आणि मध्यरात्री लिहिणारा मुलगा कार्यालयाचा नसतो. तेथे हक्काची भाषा थोडी अपुरी पडते.

आमच्या नागपूरच्या महामंदिराला संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव आहे. त्यांच्या नावाने १८३८ साली आन्सीच्या परिसरात स्थापन झालेल्या संघाचे मिशनरी या भागात आले, आणि १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला. हे संत लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून आपल्याला माहीत असतात. ते अट्टल पत्रलेखक होते हे कमी जणांना ठाऊक असते. आन्सी येथे छापलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सव्वीस खंडांपैकी अकरा खंड केवळ पत्रांचे आहेत. १६०९ साली निघालेला त्यांचा भक्तिजीवनावरील प्रसिद्ध ग्रंथसुद्धा मुळात मादाम द शार्मोआसी नावाच्या एका प्रापंचिक स्त्रीला केलेल्या लेखी मार्गदर्शनातून वाढला. जिनिव्हाचे बिशप, आणि त्या शहरात पाऊल ठेवण्याची सोय नाही, अशी त्यांची अवस्था. कारभाराची दगदग प्रचंड. तरीही कोणाच्या तरी कोरड्या पडलेल्या प्रार्थनेविषयी ते सावकाश, चार पाने लिहीत. त्यांच्या दाराशीही माणसे उभी असणारच. पत्र लिहिताना दारातल्याला आणि दारातल्याशी बोलताना पत्रातल्याला त्यांनी कसे सांभाळले, हे त्या अकरा खंडांत शोधावेसे वाटते.

आजी २०११ साली गेल्या. मातीला थोरला मुलगा आला होता. त्याने आमचा हात धरला आणि आई आमच्याविषयी नेहमी चांगले बोलत असे म्हणाला. त्या दुपारी तिला काय सांगायचे होते, हे त्याला विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाही.

हल्ली आमच्या संगणकावर दोनच पत्त्यांसाठी नाद होतो. बाकी सर्व पत्रे सकाळ-संध्याकाळ पाहतो. त्या दोहोंतला एक पत्ता त्या विद्यार्थ्याचा. तो वर्षातून एकदोनदा लिहितो, बहुधा नाताळाच्या सुमारास. गेल्या महिन्यात, नाताळ लांब असताना, नाद झाला. समोर शेजारची मुलगी बीजगणिताची वही घेऊन बसली होती. आम्ही उठलो नाही. तिचे उदाहरण पुरे केले. खरे सांगायचे तर त्यातली एक पायरी आमच्याकडून चुकली होती. तिनेच ती दाखवून दिली आणि विचारले, “सर, तुम्हांला कुणाचं पत्र आलंय ना?”