राग येतो आणि राग धरतो

आपल्या बोलीत राग येतो, राग चढतो. पण राग धरावा लागतो, गिळावा लागतो, काढावा लागतो. पहिल्या दोहोंत कर्ता राग आहे, पुढल्या तिहींत आपण स्वतः. येणाऱ्याला कोण अडवणार? वळवाचा पाऊस येतो तसा तोही येतो. पण धरून कोणी ठेवला म्हणून विचारले, की आम्ही चटकन दुसऱ्याकडे बोट दाखवितो, "त्यानंच आणला हो!"

एके वर्षी आषाढीच्या वाटेवर, जेजुरीच्या मुक्कामी पहाटे पाण्याच्या टँकरपाशी रांग होती. दुसऱ्या दिंडीतला एक तरुण मध्येच घुसला आणि आम्हांस म्हणाला, "ओ बाबा, व्हा की बाजूला!" त्याची कळशी भरली, आमची रिकामी राहिली. वाल्ह्यापर्यंतची सारी वाट आम्ही मुखाने नाम घेत होतो आणि मनात त्या पोराला उत्तरे देत होतो.

वाल्ह्याच्या तळावर समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला. तो वर झाला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. वारकऱ्यांना ही रीत काय सांगावी! त्या दिवशी आमच्या दिंडीचे टाळ वाजत राहिले, ते आमच्याच हट्टापायी.

चोपदार आले. "बोला माउली." आम्ही पाण्याचे बोललो, रांगेचे बोललो. ते सारे खरेच होते. उद्यापासून टँकरपाशी माणूस उभा करू, असे ते म्हणाले. टाळ थांबले, तक्रार मिटली. आणि छातीतली धग होती तेवढीच! तेव्हा उमगले की सांगितलेले दुखणे निराळे आणि झालेले निराळे. इतकी वर्षे वारी करणाऱ्याला कालच्या पोराने बाजूला हो म्हणावे, हे सलत होते. हे चोपदारांना कोणत्या तोंडाने सांगावे?

लोकनिंदेने उद्विग्न होऊन ज्ञानोबारायांनी ताटी लावून घेतली, ही कथा आपण कीर्तनांतून किती वेळा ऐकली असेल. निंदा अन्यायाचीच होती. तरी मुक्ताई निंदकांच्या दारी भांडायला गेली नाही. ती भावाच्याच दारी उभी राहिली. ताटी आतून लागलेली होती, ती आतल्यानेच उघडायची होती.

मग अन्याय सोसावा काय? मुळीच नाही. टाळ वाजवावेत की, रीत त्यासाठीच आहे. मात्र तक्रारीच्या गाठोड्यात आपला मानही बांधून तो चोपदारांच्या हाती देऊ नये. तो सोडवणे त्यांचे काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान झाले. त्या गर्दीत तो तरुण समोरच आला. रात्रभर जुळवलेले शब्द ओठांवर होते. तेवढ्यात त्याने वाकून आमच्या पायांना हात लावला आणि हसून विचारले, "माउली, कोणच्या दिंडीतले आपण?"

त्याने आम्हांस ओळखलेही नव्हते.