न पाहिलेल्या फुलाचे ऋण

व्हेनेझुएलाच्या दक्षिण भागात सपाट माथ्याचे पर्वत एकमेकांपासून दूर, एकाकी उभे आहेत. स्थानिक पेमोन भाषेतून आलेले त्यांचे नाव तेपुई. पायथ्याशी उष्ण अरण्य व गवताळ माळ, मध्ये उभे कडे आणि वर पावसाने भिजलेला, थंड, खडकाळ माथा. त्यांचा वालुकाश्म दीड अब्ज वर्षांहून जुना आहे. त्यांपैकी रोरायमाच्या माथ्यावर एव्हरार्ड इम थर्न व हॅरी पर्किन्स पोचले ते १८८४ साली. नोंदलेली पहिली चढाई ती हीच. याच पर्वतप्रदेशातील फुलझुडपांच्या एका प्रजातीला कॅम्प या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३९ साली 'तेपुइया' हे नाव दिले. हिमालयातील बुरांस ज्या कुळातला, त्याच कुळातील ही झुडपे.

समजा, ही प्रजाती उद्या नाहीशी झाली, तर आपले काय जाईल? उपयुक्ततेच्या हिशेबाने बहुधा काहीच नाही. सौंदर्याचा आधार घ्यावा, तर ते पाहणारेही मूठभरच. मोल हे मोल करणाऱ्यावाचून संभवत नाही, असे म्हणणारा येथे आपला पक्ष सिद्ध झाला असे मानील.

परंतु मोल ओळखणे आणि मोल निर्माण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. झुडपाला जाणीव नसेल. तरीही त्याचे हित-अहित असतेच. त्याला मानवणारा गारवा असतो, न सोसणारी उष्णता असते. ते बहरते किंवा सुकते, आणि यासाठी त्याला आपल्या साक्षीची गरज नसते.

आजवर हा प्रश्न केवळ तात्त्विक म्हणून बाजूला ठेवता आला असता. आता तसे नाही. हवामान तापू लागले की डोंगरावरील वनस्पती पिढ्यांमागून पिढ्या वरच्या, थंड भागाकडे सरकतात. ज्यांचे घरच माथ्यावर, त्यांनी कोठे सरकावे? वर केवळ आकाश आहे. ही उष्णता वाढविणारा धूर मात्र आपल्या चुलीचा, कारखान्याचा, वाहनाचा आहे. थोर-लहान वाटा ज्याचा त्याचा.

ज्याला आपण कधी पाहिले नाही, त्याचे आपण काही लागत नाही, असे म्हणण्याची सोय येथे संपते. अपरिचय हा निरपराधीपणाचा पुरावा नव्हे. आपली दृष्टी जेथे पोचत नाही तेथे आपली कृती पोचत असेल, तर कर्तव्याची सीमा दृष्टीवरून नव्हे, कृतीवरूनच आखावी लागेल.